जावईबापूंचा क्रिस्टल

"फ्रिज कोणी बंद केला?" सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं. विचारलं म्हणजे काय, उत्तर त्यांना ठाऊकच होतं. घरात फ्रिज बंद करणारा माणूस एकच होता आणि तो मागच्या खोलीत एका यंत्रावर वाकून बसला होता.

"आई, दहाच मिनिटं!" जावई ओरडला. "शंभर टक्के फ्रिजच आहे. तो सुरू झाला की विजेचा सप्लाय हलतो."

"काल शंभर टक्के मिक्सर होता. परवा शंभर टक्के पंखा होता. आमची शंभरी भरत आली जावईबापू, पण तुमचे टक्के काही संपेनात!"

जावयाने चांगली नोकरी सोडून अचूक ऑसिलेटर बनवायचा धंदा काढला होता. ऑसिलेटर म्हणजे तळहाताएवढा बोर्ड आणि त्याच्यावर चकचकीत डबीत बसलेला एक क्रिस्टल. वीज दिली की तो सेकंदाला एक कोटी ठोके देतो. मोजमापाची महागडी यंत्रं या ठोक्यांच्या भरवशावर चालतात, त्यामुळे त्यात जरा जरी इकडेतिकडे झालं तरी गिऱ्हाईक पाठ फिरवतं. आता हा धंदा चालला होता सासूबाईंच्या घरात. घर त्यांच्या नावावर होतं आणि ही गोष्ट त्या कोणाला विसरू देत नसत. त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, "बुधवारी त्या यंत्रांच्या कंपनीच्या मॅडम बोर्ड बघून ऑर्डर देऊन गेल्या तर मागची खोली तुमची. नाहीतर गुरुवारी तिथे माझं शिलाई मशीन येणार, आणि तुम्ही मुकाट्याने नोकरी शोधायची."

घरात जावयाच्या बाजूने एकच माणूस होता, ते म्हणजे सासरे. त्यांचा जन्म दुकानादुकानांतले काटे आणि वजनं तपासण्यात गेला होता. अचूक म्हटलं की त्यांना अजून हुरूप यायचा.

"लेआउट बघा, बाबा," जावई त्यांना बोर्ड दाखवत म्हणाला. "क्रिस्टलला एकदम निवांत कोपरा दिलाय. त्याचा सप्लाय वेगळा, दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. तापणारे पार्ट लांब ठेवलेत. भोवती हा चर कापलाय, म्हणजे बाकीच्यांची धग त्याच्यापर्यंत पोचत नाही. आणि वर टोपी, वारा लागू नये म्हणून."

सासऱ्यांनी चष्मा वर केला. "स्वतंत्र खोली, स्वतंत्र वीज, तापट माणसं लांब, आणि वारासुद्धा लागायला नको. अहो, हा क्रिस्टल कसला? हा तर जावई आहे!"

पण या क्रिस्टल-जावयाचं सगळं करूनही तो दुपारी रुसायचा. सकाळभर ठोके मोजणाऱ्या स्क्रीनवरची रेघ दोरी ताणल्यासारखी सरळ. जेवणं उरकली, भांडी घासून झाली, घर जरा शांत झालं, की ती डुलायला लागलीच. पंखा बंद केला, डुलली. फ्रिज बंद केला, तरी डुलली. मंगळवारी तर जावयाने घराचं मेन स्विचच पाडलं आणि सगळं बॅटरीवर चालवलं. घरात सामसूम, उकाडा आणि सासूबाईंचा संताप, तिन्ही एकदम झाले. "झोपते मी!" असं म्हणून त्यांनी खोलीचं दार आपटलं. सासरे आधीच आत पलंगावर पडले होते.

रेघ डुललीच.

"आता शंभर टक्के कोण?" बायकोने विचारलं. ती हाताने वारा घेत शेजारी उभी होती.

जावई पुन्हा वायरी चाचपू लागला. बायको मात्र स्क्रीनकडे टक लावून बघत राहिली. रेघ हळूहळू फुगायची, वर चढायची, मग क्षणभर थांबायची, आणि मग दणकन खाली यायची. फुगली, चढली, थांबली, दण्. तिला हे कुठेतरी ओळखीचं वाटलं. घरातलं सगळं बंद असल्यामुळे आज कधी नव्हे ते भिंतीपलीकडचंही ऐकू येत होतं. घर्रर्र... घर्रर्र... मग शांतता. मग दण्.

"अरे देवा," ती कुजबुजली. "हे तर बाबा घोरतायत!"

जावयाने कपाळावर हात मारला. टेबल डुगडुगतं म्हणून त्याने स्वतःच हौसेने जाड दगडी फळी भिंतीत पक्की बसवून घेतली होती. त्याच भिंतीला पलीकडून सासू-सासऱ्यांचा पलंग टेकलेला. क्रिस्टलची वीज सांभाळली, धग सांभाळली, वारा सांभाळला, आणि त्याला नेऊन ठेवला तो थेट घोरणाऱ्याच्या उशाशी!

"मग हलव ना तिथून."

"हलवला की नीट स्थिर व्हायला त्याला दोन दिवस लागतात. मॅडम उद्या दुपारी येतायत."

"मग बाबांना सांगू या."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. हे सांगणं सोपं नव्हतं. सासूबाई लग्न झाल्यापासून सांगत आल्या होत्या की हे घोरतात, रेडा परवडला. आणि सासरे लग्न झाल्यापासून सांगत आले होते की मी घोरत नाही, दुपारी तर मी झोपतही नाही, डोळे मिटून विचार करतो. या विषयावर त्या घरात जेवणाची ताटं सरकवली गेली होती.

"सांगायचं नाही," बायको म्हणाली. "जागं ठेवायचं. तू त्यांना तपासणीला बोलाव."

सासरे इतके खूश झाले की बुधवारी सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाले. मॅडम आल्या तेव्हा ते खोलीच्या मधोमध ताठ उभे होते. दुकानदार काट्याखाली चिंच कशी चिकटवायचे, ते त्यांनी मॅडमना रंगवून सांगितलं. सासूबाई पाहुण्यांना पाणी देऊन, "मी जरा पाठ टेकते," म्हणत आत गेल्या. रेघ सरळ होती. मॅडम मान डोलावत होत्या. जावई मनातल्या मनात दारावर धंद्याची पाटी लावत होता.

आणि रेघ डुलली.

जावयाने झटकन सासऱ्यांकडे पाहिलं. ते टक्क जागे, चिंचेपाशीच होते. त्याने बायकोकडे पाहिलं. तिने खांदे उडवले.

"हे काय?" मॅडमनी विचारलं. "सप्लाय?"

"नाही, सप्लाय... बॅटरीवर आहे."

"मग लेआउट चुकला असेल."

जावयाला आयुष्यात पहिल्यांदाच टक्के सुचेनात. गुरुवार, शिलाई मशीन, नोकरीचे अर्ज, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"श्श!" सासऱ्यांनी बोट वर केलं. त्यांनी भिंतीला कान लावला. घर्रर्र... शांतता... दण्. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा कान लावला. त्यांचा चेहरा असा उजळला की लग्नाच्या फोटोतही इतका उजळलेला नव्हता.

"हा मी नाही," ते म्हणाले. "जावईबापू, मी इथे आहे! म्हणजे इतकी वर्षं ही स्वतःच्या घोरण्याने दचकून उठायची आणि शेजारी मी दिसायचो!"

मॅडमना सगळा उलगडा करून सांगावा लागला. त्या हसल्या, पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. "त्यांना उठवा. रेघ सरळ झाली तर मी मानते."

"उठवायचं?" सासरे दारात आडवे उभे राहिले. "मुळीच नाही! आधी ही रेघ छापा. अजून थोडं होऊ दे, आत्ता कुठे रंगात आलीय!"

"बाबा, ऑर्डर!" मुलगी कळवळली.

प्रिंटरमधून गरम कागद बाहेर आला तेव्हाच सासरे बाजूला झाले. मुलीने जाऊन आईला उठवलं. भिंतीपलीकडे कूस बदलल्याचा आवाज झाला आणि रेघ कशी अगदी शहाण्यासारखी सरळ झाली.

"बोर्ड चोख आहे," मॅडम म्हणाल्या. "आमची यंत्रं भिंतीत पुरलेली नसतात. खाली जाड रबर घालून द्या, ऑर्डर तुमचीच." त्यांनी बॅगेतून पेन काढलं, आणि त्याच वेळी सासूबाई पदर सावरत दारात आल्या.

"कसली गडबड चाललीय? मी झोपले नव्हते हं, नुसती पडले होते. आणि तो कागद कसला?"

परक्या बाईसमोर आपलं घोरणं स्क्रीनवर चाललं होतं हे सासूबाईंना कळलं असतं, तर खोली त्याच संध्याकाळी रिकामी झाली असती. सासरे कागद छातीशी धरून उभे होते. जन्मभराचा न्याय हातात होता, तोंड उघडलेलं होतं. त्यांनी जावयाकडे पाहिलं. जावयाचा चेहरा पांढराफटक पडला होता. सासऱ्यांनी बोर्डवरच्या त्या निवांत कोपऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"माझं घोरणं," शेवटी ते म्हणाले. "इथेच खुर्चीत डोळा लागला. यंत्राने पकडलं."

मॅडमना पेनाचं टोपण अचानक फार बारकाईने बघावंसं वाटलं.

"नक्की तुमचंच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"शंभर टक्के."

"अगं बाई, शेवटी कबूल झाले गं!" सासूबाईंनी कागद ओढूनच घेतला. "जावईबापू, खोली तुमची! शिलाई मशीन गेलं खड्ड्यात. असलं यंत्र घरात हवंच!"

तो कागद आता फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावला आहे. जावयाचा धंदा बरा चाललाय, भिंतीतली फळी निघाली, जाड रबर आलं. कोणी पाहुणा आला की सासूबाई आधी त्याला फ्रेमपाशी नेतात आणि म्हणतात, "हे बघा ह्यांचं घोरणं." मग सासरे खुर्चीतून उठतात आणि रेघेवर बोट ठेवून सविस्तर समजावून देतात.

"हा चढ बघा. इथे कपाटातली भांडी वाजायला लागतात. मग ही शांतता, इथे शेजारच्याला वाटतं, चला, सुटलो एकदाचा. आणि मग हा दणका! अहो, माणसाचं सोडा, रेडासुद्धा दावं तोडून पळेल."

"मग, मी काय सांगत होते?" सासूबाई पाहुण्याकडे वळून म्हणतात.

"तू अगदी बरोबर सांगत होतीस," सासरे म्हणतात. "शेजारी झोपणाऱ्याचे काय हाल होत असतील, ते त्याचं त्यालाच माहीत."

आणि सासूबाई समाधानाने मान डोलावून चहा टाकायला आत जातात.