शेवटचं प्रकरण चिकूच्या खोक्यात

भारतीचं एक वागणं हिरकणीबाईंना अजिबात खपत नसे. सून चिकू निवडायला बसली की हात कमी आणि तोंड जास्त चालायचं. कादंबरी लिहीत होती म्हणे! जादूची शाळा. तिथं नापास झालेलं पोर घरी परतत नाही. आणि एका बंद दाराआड थोरली बाई. तिला अजून कोणी पाहिलेलं नव्हतं, नुसता आवाज यायचा. आता एक नापास पोरगी त्या दाराशी येऊन उभी होती. रोज दुपारी शेडमध्ये नवी पानं वाचली जात आणि रूपीसारखी जुनी कामकरीण मऊ चिकू कडक चिकूंत टाकून विचारी, "मंग काय झाला, वहिनी?"

"जळली मेली ती शाळा!" हिरकणीबाई पाठ फिरवून म्हणत. पाठ फिरवत, पण जागेवरून हलत नसत.

त्या दिवशी टेम्पो दारात हॉर्न मारत होता आणि बारा खोक्यांत घालायला रद्दी संपली होती. हिरकणीबाईंनी कमरेच्या जुडग्यातली चावी लावून कपाट उघडलं. आत एक जुनी वही. त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या. कव्हरवर बोट फिरवत वाचलं, 'जागृती, नववी ब, विज्ञान.' लेक आता वलसाडला नर्स होती. म्हणजे तिचं विज्ञान संपलं. टराटरा पानं फाडून त्यांनी बाराही खोक्यांच्या तळाशी घातली.

टेम्पो गेला आणि भारती पेन घेऊन आली.

"आई, कपाटातली वही? सकाळी तुम्ही कपाट उघडलंत तेव्हा आत ठेवली होती."

"खोक्यांत घातली."

भारतीने पेन खाली ठेवलं. "शेवटचं प्रकरण होतं त्यात, मागच्या बारा कोऱ्या पानांवर. उद्या पुण्याला स्पर्धेला पाठवायचं होतं. दुसरी प्रत नाही."

रूपीने छातीवर हात ठेवला. "म्हंजे ती पोरगी दाराशी तशीच उभी?"

दार उघडलं का, आत कोण होतं, या विचाराने तीन दिवस हिरकणीबाईंनाही जेवण गोड लागत नव्हतं. पण तोंडाने म्हणाल्या, "कपाट काय वह्या लपवायला असतं? तुषार, गाडी काढ!"

मोटरसायकलवर मुलाच्या मागे बसून त्यांनी त्याच्याकडून ड्रायव्हर लडक्याला फोन लावून घेतला.

"चारोटीला चहाला थांबतो," लडक्या म्हणाला. "दहा मिनिटं. मग वाशीच्या मार्केटला सरळ."

आशागडला बस आडवी आली. पुढे शेळ्या. चारोटी नाक्यावर पोचले तेव्हा टेम्पो हलला होता. हिरकणीबाई उडी मारून त्याच्यापुढे हात आडवा करून उभ्या राहिल्या.

"अहो आजी, मरायचंय का?"

"आधी दोरी सोड, मग बघू कोण मरतं!"

एकेक खोकं उघडलं. विज्ञानाच्या पानांतून भारतीच्या अक्षरातली, चिकाने चिकटलेली अकरा पानं मिळाली. बारावं सर्वांत तळाच्या खोक्यात. लडक्या घड्याळ बघत होता, तुषार घाम पुसत होता, आणि हिरकणीबाई चष्मा लावून ते शेवटचं पान बोटाने वाचत होत्या. 'दा-र उ-घ-ड-लं.' आत थोरली बाई उभी होती. कमरेला चाव्यांचा जुडगा. ती बोलली की भिंतींचा रंग उडायचा.

त्यांचा हात आपोआप स्वतःच्या कमरेवर गेला.

"काय झालं, आई?"

"काही नाही. पान चिकटलंय."

त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. परतीच्या वाटेवर त्या बारावं पान पुन्हा पुन्हा उघडून बघत होत्या. पान उडेल या भीतीने तुषारने गाडी निम्म्या वेगाने चालवली.

शेडमध्ये भारती पदर पिळत उभी होती. घरी जायची वेळ टळली तरी रूपी बसून होती. हिरकणीबाईंनी अकरा पानं सुनेच्या हातात दिली, बारावं स्वतःकडे ठेवलं.

"ही बाई कोण?"

"कोणी नाही, आई. कल्पनेतली."

"तिच्या जुडग्यात माझ्या कपाटाची चावी आहे. पितळेची, कान तुटलेली."

भारती रूपीच्या आड सरकली. हिरकणीबाईंनी शेवटचं पान तिच्यापुढे आपटलं.

"आणि शेवटी ती त्या चिमुरडीपुढं हात जोडून रडते? खोटं लिहिलंस, भारती! मारायची तर खुशाल मार, राख कर तिची. पण ती रडायची नाही. बस इथं, आणि नीट लिही!"