आधी फुंका, मग चहा

डॉक्टर शिवलिंग चौगुल्यांच्या घरी चहा मिळतो, पण आधी फुंकावं लागतं.

दार उघडतं, तुम्ही चपला काढता, आणि 'बसा' म्हणायच्या आत तुमच्या हातात प्लॅस्टिकची एक नळी येते. टोकाला पुठ्ठ्याचं कोरं तोंड लावलेलं, अंगावर आकडे, आकड्यांवर लाल काटा. छातीत हवा भरून एका दमात फुंकायचं. काटा जितका पुढं जाईल तितका तुमचा श्वास मोकळा. दवाखान्यात या नळीला भारदस्त इंग्रजी नाव आहे, डॉक्टर तिला फुंकणी म्हणतात. "फुंका की पावणं," एवढंच बोलून समोर उभे राहतात. गॅस सिलिंडरवाला फुंकून गेलाय, विमा एजंट फुंकून गेलाय, मत मागायला आलेला उमेदवारसुद्धा कार्यकर्त्यांसकट फुंकून गेलाय. त्याचा काटा पार टोकाला गेला तेव्हा डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "भाषणाची सवय हाय, दुसरं काय."

राजारामपुरीत आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहतात, मी खालच्या. माणूस गडहिंग्लजकडचा, म्हणजे निम्मा मराठी, निम्मा कानडी. मला 'तम्मा' म्हणतो, बायकांना 'अक्का', नाहीतर 'तंगी'. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, तंगी म्हणजे धाकटी बहीण. वय साठीच्या पुढं, लग्न केलेलं नाही, आवाज असा की ते वर फोनवर बोलले की आमच्या स्वयंपाकघरात त्यातला शब्दन् शब्द ऐकू येतो. उघड्या अंगानं गच्चीत कपडे वाळत घालतात तेव्हा छातीवरचा उभा व्रण दिसतो. बायपास झाली असेल असं मी आपलं मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारायची माझी काय टाप!

आयुष्यभर त्यांनी एकच काम केलं. लहान मुलांचा दमा. कोल्हापूर जिल्ह्यात गुऱ्हाळं पेटली, उसाचे पाले जळायला लागले की त्यांच्या ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते. आयाबाया पोरं काखेला मारून येतात आणि पंपाला घाबरतात. पंप म्हणजे तोंडातून औषध ओढायचा तो छोटा फवारा. त्याची सवय लागते, असं कुठल्या शहाण्यानं सांगून ठेवलंय कोण जाणे. त्या शहाण्याचा पत्ता डॉक्टर गेली कित्येक वर्षं शोधताहेत. सापडला तर त्याचं काय करणार, हेही त्यांनी मला तपशीलवार सांगितलंय, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मध्यंतरी ते एका परिषदेसाठी चीनला गेले आणि तिथून जीभ बघायची नवी खोड घेऊन आले. तिकडचे जुने वैद्य म्हणे आधी जीभ बघतात, मग नाडी. झालं! फुंकणीच्या जोडीला जीभ आली. सकाळी जिन्यात भेट झाली की नमस्काराऐवजी "दाव बघू". माझी बायको सुनीता एकदा भाजीच्या पिशव्या दोन्ही हातांत घेऊन जिन्यात त्यांना जीभ दाखवत उभी होती, आणि नेमके तिच्या माहेरचे पाहुणे खालून वर आले. तिनं तो राग माझ्यावर आठवडाभर काढला.

आणखी एक खोड. कुणाकडेही गेले, अगदी आमच्याकडे आले, तरी पिशवीतून स्वतःचा पितळी पेला काढायचे. पोचे पडलेला, वर नाव कोरलेला. चहा त्यातच ओतायचा, पिऊन झाला की स्वतः विसळायचा आणि फडक्यात गुंडाळून परत पिशवीत. सुनीताला वाटायचं, हे आपल्या कपबशीला नाकं मुरडतात. मी म्हणायचो, डॉक्टर लोकांना जंतूंचं वेड असतंच.

चीनहून त्यांनी जिभेबरोबर एक प्रश्नही आणला होता. तिकडं दम्याच्या पोरांना पंपाच्या जोडीला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक काढा देतात. आया म्हणतात, गुण येतो. खरंच येतो का? "आमच्याकडं ज्येष्ठमधाचा काढा हाय, त्यांच्याकडं त्यांचा हाय. दोघं बी म्हणत्यात गुण येतो. अरं, पण मोजलंय कुणी?" आता मोजायचं म्हटलं की आकडेवाला लागतो. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. माझं नशीब!

पद्धत साधी असते. सगळ्या पोरांचा पंप चालूच ठेवायचा. वरून निम्म्यांना खरा चिनी काढा द्यायचा, निम्म्यांना नुसता तसा दिसणारा, काहीच औषध नसलेला. कुणाला काय मिळतंय ते पोरांना माहीत नाही, आयांना नाही, डॉक्टरांनाही नाही. शेवटी कुणाचा श्वास जास्त मोकळा झाला ते ताडून बघायचं. दवाखान्याच्या समितीनं परवानगी दिली, चिनी काढ्याची तपासणी झाली, आयांना सगळं नीट समजावून त्यांच्या सह्या घेतल्या. डॉक्टर निवृत्तीला आले होते. हे शेवटचं संशोधन, एवढ्या एका प्रश्नाचं उत्तर मिळालं की सुटलो, असं ते म्हणायचे. आणि नेहमीचं पालुपद जोडायचे, "शास्त्र हाय तम्मा, जत्रा न्हाय."

खोटा काढा करणं हे खऱ्यापेक्षा अवघड निघालं. तो खऱ्याइतकाच घाण लागायला हवा. गूळ करपवून बघितला, कारल्याचा रस घालून बघितला, मेथी उकळून बघितली. चव बघायला अर्थातच मी. संध्याकाळी कॉलेजातून दमून यावं तर दारात डॉक्टर दोन वाट्या घेऊन उभे. "ह्यातला वाईट कुठला?" मी म्हणायचो, दोन्ही. मग त्यांचा चेहरा असा खुलायचा की शिव्या तोंडातच राहायच्या.

कुठल्या पोराला कुठली बाटली हे एकट्या मला माहीत होतं. इथून पुढं जे झालं ते मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटतं. डॉक्टरांनी माझ्या तोंडाकडं बघायचं सोडलं. एखादं पोर सुधारलं म्हणून त्यांनी सांगितलं आणि माझी भुवई हलली, तर त्यांना सुगावा लागेल, मन एका बाजूला झुकेल, म्हणून. जिन्यात मी दिसलो की भिंतीकडं तोंड करून बोलायचे. आमच्याकडं चहाला आले की माझ्याकडं पाठ करून, खिडकीकडं बघत त्या पितळी पेल्यातून चहा प्यायचे. जवळपास दोन वर्षं! इमारतीत सगळ्यांना वाटलं, आमचं काहीतरी वाजलंय. सोसायटीचे खजिनदार समेट घडवायला दोन्हीकडं येऊन गेले. वर गेले तेव्हा अर्थातच आधी फुंकले. हसू यायचं मला, पण खरं सांगतो, इतका सच्चा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बाकी लोक आपल्याला हवं ते उत्तर यावं म्हणून धडपडतात. हा गडी, उत्तराला आपला नुसता वारासुद्धा लागू नये म्हणून भिंतीशी बोलत होता.

पोरांना संशोधनात घेण्याआधी डॉक्टर प्रत्येकाचं काळीज ऐकायचे. डोळे मिटून, खूप वेळ. नर्सबाई कुरकुरायच्या, दम्याच्या पोराचं काळीज इतकं काय ऐकायचं? डॉक्टर म्हणायचे, "दम लागतोय म्हंजे दमाच असंल असं कोन म्हणालं?" त्यात कागलची आर्या सापडली. चांगली शाळेत जाणारी पोर, पळाली की धाप लागायची, आजवर सगळ्यांनी दमा म्हणूनच औषधं दिलेली. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढला आणि तिच्या आईला, मंगलवहिनींना, शांतपणे सांगितलं की दमा न्हाय, काळजाला भोक हाय, आणि ते बुजवता येतंय. ते स्वतः बरोबर गेले, ऑपरेशन झालं, आर्या बरी झाली.

दमा नाही म्हटल्यावर आर्याचा संशोधनाशी काही संबंध उरला नव्हता. पण मंगलवहिनी यायच्या थांबल्या नाहीत. तपासणीच्या दिवशी कागलच्या एसटीनं दुधाची किटली आणि पोह्यांचा डबा घेऊन हजर. पोरांना दूध, आयांना पोहे. बोलायला फटकळ, करायला पुढं. हळूहळू सगळ्या आयांच्या त्या पुढारीणच झाल्या.

शेवटच्या तपासणीचा दिवस आला. सगळी पोरं फुंकून झाली, माझे आकडे भरून झाले. कुणाला काय दिलं होतं ते मी दुसऱ्या दिवशी फोडणार होतो. डॉक्टर माझ्याकडं पाठ करून बसले होते, पण मान खुशीनं हलत होती. तेवढ्यात मंगलवहिनी सगळ्या आयांना मागं घेऊन आत आल्या. आता संपलं न्हवं, मग सांगायला हरकत न्हाय, म्हणाल्या.

आणि त्यांनी सांगितलं. निम्म्या पोरांना खरं औषध आणि निम्म्यांना खोटं, हे आयांनी ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, सह्याही केल्या होत्या. पण मंगलवहिनींच्या जिवाला ते लागून राहिलं. आपल्या पोरीवर डॉक्टरांनी खरा इलाज केला, मग ह्यांच्या पोरांच्या वाट्याला खोटं का? पहिल्याच महिन्यात सगळ्याजणी पोरांना घेऊन टेम्पोनं जोतिबाला गेल्या. तिथं एका नारळवाल्याकडनं मोठं पातेलं मागून आणलं, साऱ्या बाटल्या त्यात ओतल्या, ढवळल्या आणि सारख्या वाटून पुन्हा भरल्या. पोरांना पहिला घोट तिथंच, त्याच पातेल्यातून पाजला. नंतर दर महिन्याला कुणा ना कुणाच्या घरी हेच. "कुणाचं पोर मागं ऱ्हायला नको की, डॉक्टर," मंगलवहिनी म्हणाल्या. चेहऱ्यावर केवढा अभिमान!

सगळ्यांनाच अर्धं खरं, अर्धं खोटं. म्हणजे ताडून बघायला काही उरलंच नाही. दोन वर्षं पाण्यात. प्रश्न होता तिथंच राहिला, आणि विचारायला डॉक्टरांकडं पुन्हा दोन वर्षं नव्हती. शास्त्राची जत्रा झाली होती, तीही जोतिबाच्या डोंगरावर. आता हा माणूस इमारत हादरेल असा ओरडणार, म्हणून मी कान बंद करायच्या तयारीत होतो.

डॉक्टरांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "एकाच पातेल्यातलं? सगळी पोरं?"

"व्हय की."

"कुणी न्हाय म्हणालं न्हाय?"

मंगलवहिनींना प्रश्नच कळला नाही. न्हाय कशाला म्हणतील?

डॉक्टरांनी पिशवीतून तो पितळी पेला काढला आणि टेबलावर ठेवला. "माझं बी काळजाला भोक होतं," ते म्हणाले. "पर गावात दमा म्हणूनच नाव पडलं. दमेकऱ्याच्या श्वासानं दमा लागतोय म्हणायची लोकं. शाळंत माझ्या शेजारी कुणी डबा खाल्ला न्हाय. घरात माझा पेला येगळा, हा. अव्वा बी तो येगळाच घासायची, रडत. मेडिकलला गेलो, पोरं पोरं एकमेकांची छाती ऐकत होतो, तवा कळलं. ऑपरेशन झालं, भोक बुजलं. पेल्याची सवय न्हाय गेली." अव्वा म्हणजे आई.

सुनीताच्या कपबश्या मला आठवल्या आणि स्वतःची लाज वाटली. मंगलवहिनींना एव्हाना उमगलं होतं की आपल्या हातून काहीतरी भलतंच झालंय. त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, तुमचं काम बुडवलं व्हय आमी? डॉक्टर म्हणाले, बुडवलं. मग म्हणाले, बरं केलंसा. अहवालात त्यांनी जसं घडलं तसंच लिहिलं, की औषध आयांनी आपसांत समान वाटून घेतल्यामुळं निष्कर्ष काढता येत नाही. समितीतल्या मोठ्या डॉक्टरांपुढं ते वाक्य त्यांनी मान ताठ ठेवून वाचलं.

पण ते नंतर. त्या दिवशी ते खुर्चीत सावकाश वळले आणि दोन वर्षांनी त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. नीट, निरखून. "तम्मा," म्हणाले, "वाळलास की रं तू." मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही झालं.

दूध वाटता वाटता मंगलवहिनी थांबल्या होत्या. त्यांच्याबरोबर आलेली आर्या खिडकीच्या कट्ट्यावर बसली होती, शेजारी तिचा स्टीलचा पेला, निम्मं दूध पिऊन ठेवलेला. डॉक्टर उठले. मला वाटलं, पितळी पेला विसळायला चालले. तो टेबलावरच राहिला. त्यांनी कट्ट्यावरचा पेला उचलला.

"डॉक्टर, त्ये माझं उष्टं हाय," आर्या म्हणाली.

"म्हायती हाय की," डॉक्टर म्हणाले आणि प्याले.