पहिलं जबानी, मंग पाना

अंबादासनानांकडे गाडी दाखवायला न्यायची तर बॉनेटला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. मला तो माहीत नव्हता, म्हणून पहिल्याच दिवशी मोडला. नाना ओट्यावरूनच म्हणाले, "सर, डॉक्टरकडं गेल्यावर दारातच सदरा काढता का तुम्ही? बसा. पहिलं जबानी, मंग पाना."

नाना जालन्याच्या एमआयडीसीत, एका रोलिंग मिलमध्ये, उभी हयात फिटर होते. रिटायर झाल्यापासून आमच्या गल्लीतल्या जुन्या डिझेल गाड्या बघतात, निव्वळ हौस म्हणून. नव्या गाडीकडे ढुंकूनही बघत नाहीत. "तिला कॉम्प्युटर लावला की ती घडाघडा बोलती. मंग माझं काय काम?" रोज बंद पडणाऱ्या गाडीतही त्यांना रस नाही. त्यांना आवडते ती मधूनच बंद पडणारी, गॅरेजच्या दारात नेली की साळसूदपणे चालणारी. अशा गाडीचं नुसतं वर्णन ऐकलं तरी नाना मांडी बदलून बसतात.

माझी गाडी नेमकी तशी होती. अठरा वर्षांची. शहरात शाळा, बाजार, दवाखाना करताना कधी कुरकुर नाही. रविवारी आष्टीला निघालो की मात्र वाटूर फाटा ओलांडल्यावर कुठंतरी आचके द्यायची आणि गप्प व्हायची. थोड्या वेळानं चालूही व्हायची. तीन मेकॅनिक झाले. एकानं फिल्टर बदलला, दुसऱ्यानं पाइप, तिसऱ्यानं पंप उतरवून पुन्हा चढवला. पुढच्या रविवारी गाडी परत रस्त्याच्या कडेला आणि आम्ही परत तिच्या शेजारी.

आष्टीला माझी मावशी अंथरुणाला खिळली होती. दर रविवारी आईनं जाऊन तिच्या डोक्याला तेल घालायचं आणि दोघींनी दोन तास बोलायचं, असा बहिणीबहिणींचा ठराव. आईच्या कमरेला बसचे हिसके सोसत नाहीत. लागोपाठ दोन रविवार आम्ही अर्ध्या वाटेवरून परतलो, तेव्हा आई म्हणाली, "जाऊ दे बाबा. माझ्यापायी तुला ताप नको." मावशीकडे किती रविवार उरलेत हे डॉक्टरही सांगत नव्हते. मला फार वाईट वाटलं आणि मी नानांचा ओटा गाठला.

जबानी तासभर चालली. कोण कुठं बसतं? काचा वर की खाली? डिझेल कुठं भरता, किती भरता? डब्यात काय असतं?

"नाना, डब्याचा काय संबंध?"

"ते मी ठरवीन. तुम्ही जवाब द्या."

मी सांगितलं: निघताना टाकी फुल्ल, डब्यात धपाटे. नानांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि हुकूम सोडला, "येत्या ऐतवारी समदं बराबर तसंच. तीच वेळ, तेच मान्सं, तेच धपाटे. मी तेवढा जादा."

इथं नानांच्या दुसऱ्या सवयीबद्दल सांगायला हवं, कारण गल्ली त्यांना त्यासाठी वचकून असते. बिघाड सापडला की नाना त्याचा निकाल चारचौघांत जाहीर करतात, आणि निकाल बहुतेक वेळा मालकाच्या विरुद्ध जातो. कोपऱ्यावरच्या बियाण्यांच्या दुकानदाराची जीप चढावर दम टाकायची. नाना दोन दिवस तिच्यात फिरले आणि चहाच्या टपरीवर दहा माणसांत म्हणाले, "जीप एक नंबर आहे. मालक क्लचवर पाय ठिवून झोपतो." दुकानदारानं ती टपरीच सोडली. नानांना यात काही वावगं वाटलं नाही. "मशीन झूट बोलत न्हाई, मंग मी का बोलू?"

रविवारी नाना इस्त्रीचा सदरा घालून हजर. मागं आईशेजारी बसले, चपला काढल्या, तळवे गाडीच्या पत्र्यावर टेकवले आणि डोळे मिटले. आईनं सवयीनं गप्पा सुरू केल्या. "आक्का, जरा गप," नाना म्हणाले. "मी पायानं ऐकून राह्यलो." माझ्या वडिलांनाही जे आयुष्यात जमलं नव्हतं ते नानांनी एका वाक्यात केलं. आई वाटूर फाट्यापर्यंत खरंच गप्प होती.

फाट्यापुढं गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. नानांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर सासुरवाशीण लेक घरी आल्याचा आनंद होता.

मी उतरायला दार उघडलं. "हात लावू नका. मागं बंद पडली तवा पहिलं काय केल्तं?"

"टाकीचं झाकण काढून डिझेल बघितलं."

"त्याच्या आदुगर?"

"तेच."

"मेकॅनिक आल्ता त्यानं?"

"त्यानंही पहिल्यांदा..." मी बोलता बोलता थांबलो.

नाना चपला घालून एकटेच टाकीकडे गेले. मी आरशातून बघत होतो. त्यांनी झाकण सैल केलं तसा टाकीनं हवा ओढून घेतल्याचा लांब सुस्कारा आला. तो मी आधीही ऐकला होता. जुनी गाडी, करत असेल आवाज, म्हणून सोडून दिला होता. नानांनी झाकण उलटं केलं, त्यातून काहीतरी काढलं, ते निरखलं. मग मान वर करून मागच्या काचेतून आईकडे पाहिलं आणि हातातलं खिशात घातलं.

"मारा स्टार्टर."

गाडी चालू झाली. आईनं विचारलं, "काय झाल्तं हो नाना?"

मी निकालाच्या तयारीत बसलो.

"वायर ढिली झाल्ती, आक्का. रस्ता खराब. कुणाचा काही कसूर न्हाई."

झाकणापाशी कसलीही वायर नाही हे मलाही कळतं. मी गिअर टाकला.

आष्टीत आई मावशीच्या उशाशी तेलाची वाटी घेऊन बसली. बाहेर लिंबाखाली मी नानांना म्हणालो, "खिशातलं दाखवा."

दुधाच्या पिशवीचं गोल कापलेलं प्लास्टिक होतं, दुहेरी घडीचं. मी लगेच ओळखलं. लोणच्याच्या बरणीच्या झाकणात आई असंच प्लास्टिक बसवते, वास बाहेर येऊ नये म्हणून. डिझेलच्या वासानं तिला मळमळतं. मला न सांगता तिनं टाकीचंही तोंड बांधलं होतं.

"डिझेल बाहीर जातं तशी हवा आत याया पाह्यजे," नाना म्हणाले. "झाकणाला बारीक भोक असतं, ते बुजलं. टाकी फुल्ल असली की लौकर आवळती, मंग इंजनाला डिझेल सुटत न्हाई. शहरात थोडंथोडंच पळती म्हून भागतं. समद्यांनी टाकीत बघितलं, झाकणात कुणी बघितलं न्हाई."

"मग आईला का नाही सांगितलं? तुम्ही तर कुणाला सोडत नाही."

नानांनी प्लास्टिकची घडी घालून ते परत खिशात ठेवलं.

"माझ्या मंडळीचं माहेर धावडा. जुनी जीप घेतल्ती, तिच्यातून निघाल्तो. दोनदा बंद पडली. त्या जीपला इंजन बंद कराया खटका वढाया लागायचा. तिनं त्याला आपली थैली अडकवल्ती. खड्डा आला की थैली खटका वढायची. धावड्याला पोचल्यावर मी तिच्या भावांपुढं, भावजयांपुढं समदं रंगवून सांगितलं. लई हसले. ती बी हसली."

"मग?"

"पुन्हा माझ्या गाडीत बसली न्हाई. भांडण न्हाई, रुसवा न्हाई. मेली तवर माहेरी येष्टीनंच गेली."

"आणि तुम्ही?"

"मी जीप घिऊन येष्टीच्या मागं. भोकरदनला ती बस बदलायची, मी थांबायचो. बसायची मातर मागच्या खिडकीपाशी, मला दिसंल अशी. ऊन लागायचं तिथं, तरी दर टायमाला तिथंच. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं मला. उद्या म्हणू, परवा म्हणू करता करता ती गेली."