गाडी कोणामुळे चुकली?

भामट्यांचा आणि गेटसाहेबांचा कधी आमनासामना झाला नव्हता, हे भामट्यांचं नशीब. निदान गेटसाहेबांचं मत तसं होतं. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या गेटवर पास तपासले. एकदा तर खुद्द मालकांनाच पास नाही म्हणून अर्धा तास उन्हात उभं केलं. निवृत्तीनंतर तपासायला उरली एकटी बायको, आणि तेवढ्यात फोनवरून फसवणाऱ्यांच्या बातम्या सुरू झाल्या. गेटसाहेबांना पुन्हा नोकरी लागल्यासारखं झालं.

फ्रिजच्या दारावर नियमांचा कागद चिकटला. अनोळखी नंबर, घाई आणि कोडची मागणी, तिन्ही एकत्र आले की समोरचा भामटाच. बोलणं रेकॉर्ड करायचं, फोन ठेवायचा, नंबर ब्लॉक करायचा. वर सराव होताच. शेजाऱ्यांच्या फोनवरून आवाज बदलून ते बायकोला कधी बँकेचे साहेब म्हणून फोन करत, कधी कुरियरवाला म्हणून. पहिल्या दोन्ही वेळा ती फसली आणि जेवताना तिला भाषण ऐकावं लागलं. तिसऱ्या वेळी फोन करणाऱ्या कुरियरवाल्याला तिने असं काही फैलावर घेतलं, की बिचारा पार्सल दारात टाकून पळाला. तो खरा कुरियरवाला होता.

"आणि कोणी तुमचं नाव सांगून फोन केला तर?" तिने विचारलं.

"खुणेचा प्रश्न विचारायचा. आपल्या दोघांनाच माहीत असलेला."

"मग मी विचारीन, लग्नानंतर पहिल्यांदा फिरायला निघालो तेव्हा गाडी कोणामुळे चुकली?"

गेटसाहेबांनी मान डोलावली. उत्तर मोठ्याने बोलायचं नाही, भिंतींनाही कान असतात, असंही बजावलं. त्यामुळे उत्तर ठरायचं राहूनच गेलं. वास्तविक याच एका प्रश्नावर त्या घरात चौतीस वर्षं एकमत नव्हतं. तिचं म्हणणं, कुलूप नीट लागलंय का बघायला हे तीनदा परत गेले. यांचं म्हणणं, हिची वेणीच संपेना.

लेक परदेशात होती आणि तिचं बाळंतपण महिन्यावर आलं होतं. बायकोचा व्हिसा केव्हाच झाला होता. गेटसाहेबांचा अर्ज मात्र कागद पुन्हापुन्हा तपासण्याच्या नादात मागे राहिला, तो अगदी शेवटच्या तारखेपर्यंत. व्हिसा ऑफिसची खिडकी एक वाजता बंद व्हायची. आज काम झालं नाही तर पुढची तारीख तीन महिन्यांनी. म्हणजे आजी एकटी जाणार आणि आजोबा नातवंडाला फोनच्या काचेतून बघणार.

बारा पन्नासला त्यांचा नंबर लागला.

"काका, मोबाईलवर कोड आला असेल, सांगा," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

स्वतःचा नंबर कुठल्याही कागदावर द्यायचा नाही, या शिस्तीपायी गेटसाहेबांनी अर्जात बायकोचा नंबर लिहिला होता. स्वतःचा फोन फाटकावर जमा होता आणि एकदा बाहेर गेलेल्याला पुन्हा आत घेत नव्हते. बाईंनी टेबलावरचा फोन पुढे सरकवला.

"अगं, मी बोलतोय. तुझ्या मोबाईलवर आत्ता एक कोड आलाय, तो पटकन सांग. घाई आहे!"

बोलता बोलताच त्यांच्या लक्षात आलं, की फ्रिजवरचा कागद आपण वरपासून खालपर्यंत वाचून दाखवला.

"असं का?" बायकोचा आवाज भलताच गोड झाला. "मग सांगा बघू, गाडी कोणामुळे चुकली?"

मागची रांग चुळबुळ करत होती. बाई घड्याळाकडे बघत होत्या. तिला हवं तेच उत्तर दिलं तर काम फत्ते, पण चौतीस वर्षांची लढाई एका झटक्यात हरायची! गेटसाहेबांनी अजून न जन्मलेल्या नातवंडाचा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि सांगून टाकलं.

"माझ्यामुळे. कुलूप बघायला मी तीनदा परत गेलो. चूक सगळी माझीच होती."

बायकोचा गोड आवाज एकदम चढला.

"माहिती बरीच काढलीस रे मेल्या! पण आमचे हे जीव गेला तरी चूक कबूल करायचे नाहीत!"

फोन बंद. पुन्हा लावला तर लागेचना.

"काका," बाई डोळे विस्फारून म्हणाल्या, "त्यांनी आमचं ऑफिसच ब्लॉक केलंय!"

"बाई, तुमचा मोबाईल जरा..."

"नियमात बसत नाही."

हे वाक्य गेटसाहेबांनी एकतीस वर्षं दिवसातून वीसदा उच्चारलं होतं. ऐकायला कसं वाटतं, ते आज कळलं. त्यांचा पडलेला चेहरा बघून बाईंनाच दया आली आणि त्यांनी पर्समधून फोन काढला. एकला चार मिनिटं कमी होती.

"पुन्हा तूच का रे?" बायको कडाडली.

आता मात्र गेटसाहेबांचा तोल गेला. "नवऱ्याला अरेतुरे करतेस? त्या दिवशीही असंच! तासभर वेणी घालत बसलीस, गाडी गेली निघून आणि खापर माझ्या डोक्यावर! तुझ्यामुळे चुकली! तुझ्यामुळे! शंभरदा तुझ्यामुळे!"

"अगंबाई, तुम्ही होय!" बायकोचा जीव भांड्यात पडला. "मग आधीच नीट सांगायचं नाही का? घ्या लिहून. चार, शून्य, सात, दोन, नऊ, एक."

शिक्का पडला आणि खिडकी बंद झाली.

संध्याकाळी गेटसाहेब चहा घेता घेता कुरकुरले, "पहिल्याच फोनला ओळखता येत नव्हतं?"

"पहिला तुमचा कुठे होता? तो भामटा होता." तिने मोबाईल टेबलावर ठेवला. "नियमाप्रमाणे रेकॉर्ड केलंय, ऐका."

"...कुलूप बघायला मी तीनदा परत गेलो. चूक सगळी माझीच होती." घरभर आवाज घुमला.

"हे तुम्ही आहात का?" तिने अगदी साधेपणाने विचारलं.

गेटसाहेबांनी कपाकडे बघितलं, दाराच्या कुलपाकडे बघितलं, आणि बराच विचार केला.

"नाही," ते म्हणाले. "भामटाच आहे. पुसून टाक ते."

"पुसते कशाला? लेकीला पाठवलंसुद्धा. म्हटलं, जपून ठेव. चौतीस वर्षांत त्या गाडीबद्दल खरं बोलणारा एकच माणूस भेटला, तोही मेला भामटा निघाला!"