कमरेला सागवान

पिस्तूल घ्यायचं मी ठरवलं ते शूर आहे म्हणून नव्हे. (शूर माणसाला पिस्तूल कशाला लागतं? तो नुसता बघतो आणि समोरचा वाट सोडतो.) मी ठरवलं ते एका जेवणाच्या डब्यामुळे.

जिवतीला माझं कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. मागच्या जानेवारीत गडचांदूरला मालाची ऑर्डर देऊन संध्याकाळी परत निघालो. घाट लागला आणि आरशात एक मोटारसायकल दिसली. दोघं जण, तोंडाला दुपट्टे बांधलेले. मी जरा वेग वाढवला. त्यांनीही वाढवला. मागे बसलेला हात हलवायला लागला, काहीतरी ओरडायला लागला. मग मी मागे पाहिलंच नाही. अकरा किलोमीटर जी गाडी हाणली ती बनवणाऱ्या कंपनीनेही कधी इतकी हाणून पाहिली नसेल. शेवटी जिवतीच्या चौकात गाय आडवी आली म्हणून थांबलो. ते दोघे शेजारी येऊन उभे राहिले. मागच्याने धापा टाकत माझा डबा पुढे केला.

"घाटाखाली पडला होता जी, प्रफुलभाऊ. काऊन एवढं पळवून राह्यले आमाले?"

मी डबा घेतला. आभारही मानले. पण घरी गेल्यावर बायकोने, रंजीताने "काऊन घामाघूम झाले?" विचारलं तेव्हा मी "हवा बंद आहे" म्हणालो. जानेवारीत.

त्यानंतर घाट लागला की माझा एक डोळा रस्त्यावर आणि एक आरशात. दोन महिने असे काढले आणि ठरवलं, आपल्याजवळ काहीतरी पाहिजे. मोठं नको. बारीक, चपटं, कमरेला खोचलं तर दिसणार नाही असं. जगापासून लपवायची गरज नव्हती, जगाला माझी पडलेलीच नव्हती. ते लपवायचं होतं रंजीतापासून. ती जिल्हा परिषद शाळेत चौथीचा वर्ग सांभाळते. ज्या बाईला चाळीस पोरांपैकी कोणाच्या खिशात चिंच आहे हे फळ्याकडे तोंड करून कळतं, तिच्यापासून लपेल असं पिस्तूल म्हणजे बघा किती बारीक लागेल.

चंद्रपूरला जाऊन लायसनचा अर्ज केला. कारण लिहिलं, 'आत्मसंरक्षण'. खिडकीतल्या बाबूने विचारलं, "कोणापासून?"

मी बराच वेळ विचार केला. एक नाव सुचेना. "सर्वसाधारण," मी म्हणालो. त्याने तसंच लिहून घेतलं.

तिथून बंदुकांच्या दुकानात गेलो. दुकानदार सत्तरीचे काका होते. त्यांनी आधीच सांगितलं, "लायसन येईपर्यंत हात नाई लावायचा. डोळ्यानं पाहा, पाहायचं तेवढं."

"काका, एकदम सडपातळ पाहिजे. कमरेला असलं तरी कोणाले समजू नये."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. नजर चेहऱ्यावरून निघाली, पोटापाशी आली आणि तिथे मुक्कामाला थांबली.

"पिस्तूल सडपातळ भेटते," ते म्हणाले. "बाकीचं तुमाले पाहावं लागन."

काचेखाली तीन नग होते. एक रिव्हॉल्व्हर, मधलं चाक फुगीर. ते कमरेला म्हणजे खलबत्ता बांधून फिरल्यासारखं. दुसरं पिस्तूल ठीक होतं, पण लांब. तिसरं मात्र असं नाजूक, की पाहताक्षणी मी म्हणालो, "हेच!"

"थांबा जी. जे लपवायले सोपं, ते धरायले कठीण. याची मूठ पाहा केवढीशी. तुमचं करंगळीचं बोट बाहेर लोंबकळन. हलकं आहे म्हणून झटकाही जास्त देते. अन् घेणारे घेतात मोठ्या हौसेनं. आठ दिवस कमरेला टोचलं, की मग जन्मभर कपाटात." काकांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्याच्यावर पिस्तुलाचं चित्र आखलं. लांबी साडेसहा इंच, जाडी इंचाला थोडी कमी, वजन अर्धा किलो. "याचं लाकडाचं बनवून घ्या. पंधरा दिवस कमरेला लावा. बसा, उठा, जेवा, गाडी चालवा. एक दिवस खंड नाई पाडायचा. पंधराव्या दिवशी ते आहे हे तुमीच विसरून गेले, तरच घ्या."

इतका प्रामाणिक दुकानदार मी आयुष्यात पाहिला नव्हता. (मीही दुकानदारच आहे.)

जिवतीला सुकलू मिस्त्री दाराच्या चौकटी करतो. त्याच्यापुढे मी कॅलेंडरचं पान ठेवलं.

"हे काय होय भाऊ?"

"नळाचं हॅन्डल."

सुकलूने कागद आडवा धरला, उभा धरला. "शहरातला नळ दिसते," तो म्हणाला, आणि कामाला लागला. दोन दिवसांनी त्याने जे हातात ठेवलं ते पाहून माझ्या अंगावर काटा आला. अस्सल सागवान, वर काळं पॉलिश, मुठीवर आडव्या रेघा, बोट घालायला घोडासुद्धा. वजनासाठी आत भोक पाडून लोखंडी नटबोल्ट ठोकले होते.

"घोडा कशाला केला रे?"

"नळ बराबर फिरला पाहिजे ना जी," सुकलू म्हणाला. त्याचा चेहरा जराही हलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून परीक्षा सुरू झाली. उजव्या कमरेला, पॅन्टच्या आत, वरून सैल बुशकोट. उभं असताना काही कळत नव्हतं. बसलो की मूठ बरगडीत आणि नळी जांघेत. मागे लावलं तर गाडीवर बसताना माकडहाडाला लागे. पुढे लावलं तर पोट आणि पिस्तूल यांच्यात जागेवरून भांडण, आणि त्यात पोट जिंकायचं. म्हणून पुन्हा उजवीकडेच आलो. पण वाकून युरियाचं पोतं सरकवताना तोंडातून "आई गं" निघायचंच, आणि चालताना एक पाय आपोआप बाहेरून फिरायचा.

कोणाला शंका आली नाही. पिस्तुलाची, म्हणतो मी. कमरेची सगळ्यांना आली.

"प्रफुलभाऊची कंबर धरली," ही बातमी आठवडी बाजारात माझ्याआधी पोचली. बियाणं घ्यायला आलेला प्रत्येक जण दोन मिनिटं माझ्याकडे पाहून मान हलवे. पाटण रस्त्यावरून ठमाबाई चालत आल्या, मोहाच्या बियांचं तेल घेऊन. त्या माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक.

"घे बापू. गरम करून चोळ. माहा सासरा यानं पंच्याऐंशी वर्स चालला."

"नाई बाई, काही नाई झालं मले."

"सासराबी असाच म्हणे," ठमाबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसून गेल्या.

बाराव्या दिवशी मी कपडे बदलायला दार लावून घेतलं तेव्हा रंजीता बाहेरून म्हणाली, "दार काऊन लावता तुमी आताशी? मले दाखवा कुठी दुखते ते."

"काही नाई दुखत."

"मंग लंगडून काऊन राह्यले?"

मी बुशकोटाची बटणं लावत राहिलो. मग तिचा आवाज उतरलेला आला. "माझ्या बाबाले पण आधी कंबरच दुखत होती. लपवलं त्यायनं आमच्यापासून. उद्या सुट्टी टाकते मी. चंद्रपूरले जाऊ."

त्या आवाजापुढे मी सगळं कबूल करायला हवं होतं. दार उघडून सागवान तिच्या हातात ठेवायला हवं होतं. मी काय केलं? "बरं" म्हणालो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे तेराव्या, ते कमरेला लावूनच बसमध्ये बसलो. एक तर काकांनी खंड पाडायचा नाही म्हटलं होतं. दुसरं म्हणजे, अख्खा प्रवास रंजीताच्या शेजारी बसून ते लपलं तर कोणापासूनही लपेल, असा माझा हिशेब. प्रवासभर तिने माझा हात धरून ठेवला होता. मला पिस्तुलापेक्षा तो हात जास्त टोचत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी डावी बाजू दाबली. (पिस्तूल उजवीकडे. देव आहे.) "एक्स-रे काढून घ्या," ते म्हणाले. (देव नाही.)

एक्स-रेच्या खोलीबाहेर दहा-बारा जण बाकावर बसले होते. रीता नावाची तरुण सिस्टर माझ्या हातात एक हिरवा गाऊन देऊन म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या पडद्यामागे जा. पॅन्ट, पट्टा, चाव्या, मोबाईल, अंगावर लोखंड म्हणून काहीच नको."

तो गाऊन मागून उघडा असतो आणि त्याच्या दोन नाड्या कुठे बांधायच्या हे कोणी सांगत नाही. मी पिस्तूल पॅन्टमध्ये घट्ट गुंडाळलं, वर बुशकोटाचं वेटोळं केलं आणि पडद्यातून हात काढला. "रंजीता, हे सांभाळ. उघडू नको."

"काऊन नको उघडू?"

"चुरगळन."

तेरा दिवसांत मी कधी कपड्यांची अशी काळजी केलेली तिने पाहिली नव्हती. वीस वर्षांत पाहिली नव्हती. तिने गाठोडं घेतलं, वजनाचा अंदाज घ्यायला जरासं झुलवलं, आणि पॅन्टच्या पायातून सागवान सुळकन निसटून फरशीवर पडलं. आतल्या नटबोल्टांमुळे आवाज असा आला, की खरं पडलं असतं तरी इतका आला नसता.

"बंदूक!" कोणीतरी ओरडलं.

बाक रिकामा झाला. रीता सिस्टर एक्स-रेच्या खोलीत शिरून मशीनमागे गेली. गेटवरचा गार्ड काठीसकट पाण्याच्या कूलरमागे बसला. आणि मी, ज्याने ते सुकलूकडून करून घेतलं, ज्याने तेरा दिवस ते अंगावर वागवलं, त्या मी पडदा बाजूला सारून बाहेर उडी मारली आणि दोन्ही हात वर केले.

"मारू नका!" मी ओरडलो.

कोणाला उद्देशून, ते मला आजही सांगता येत नाही.

दोन हात वर केले की गाऊनच्या नाड्या धरायला हात उरत नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

त्या सगळ्यांत एकच माणूस जागेवर उभा होता. रंजीता खाली वाकली, पिस्तूल उचललं, नखाने खरवडलं आणि वास घेतला. "सागवान आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, चौथीच्या वर्गाच्या आवाजात, "हात खाली. अन् मागून गाऊन धरा."

बाकाखालून एक गृहस्थ बाहेर आले. साध्या कपड्यात होते, पण मी ओळखलं. आमच्या ठाण्यातले हवालदार अंकुशभाऊ. आईचा गुडघा दाखवायला आले होते. त्यांनी पिस्तूल हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"सुकलूचं काम," ते म्हणाले. "प्रफुलभाऊ, तुमचा लायसनचा अर्ज माझ्याच टेबलावर पडून आहे. उद्या चौकशीले तुमच्याच घरी येणार होतो."

"लायसनचा अर्ज?" रंजीता म्हणाली.

मला वाटलं, ते पिस्तूल खरं असतं तर बरं झालं असतं. निदान स्वतःवर तरी चालवता आलं असतं.

अंकुशभाऊंनी मला बाजूला घेऊन समजावलं, की असलं लाकूड घेऊन लोकांत फिरणं हासुद्धा गमतीचा विषय नाही. पिस्तूल त्यांनी ठेवून घेतलं, जबाब लिहून घेतला, सही घेतली. एक्स-रेही निघाला. हाडं ठणठणीत होती. उजव्या कमरेला मात्र साडेसहा इंचांचा काळानिळा वळ निघाला, त्याच्यावर डॉक्टरांनी मलम दिलं.

परतीच्या बसमध्ये राजुरा येईपर्यंत रंजीता खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "भेव कोणाचं वाटते तुमाले?"

आणि मी सांगितलं. दोघं जण, दुपट्टे, अकरा किलोमीटर, डबा. माझा घाम सांगितला. जानेवारीतली बंद हवा सांगितली. हे सांगायला मला पिस्तूल घेण्यापेक्षा जास्त हिंमत लागली. ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"मी तर रातभर बाबाले आठवून रडली," ती म्हणाली. "तुमाले काही झालं नाई, हेच लय आहे. आता गडचांदूरले जायचं असन तर रविवारी जा. मी येते मागं बसून. आरशात मी पाहीन, तुमी रस्ता पाहा."

तेव्हापासून आम्ही रविवारीच जातो. मागे कोणी गाडीवाला दिसला की ती वळून सरळ विचारते, "कोणाचा रे तू?" आणि बहुतेक वेळा तो तिचा जुना विद्यार्थी निघतो.

महिनाभराने चंद्रपूरच्या लायसन ऑफिसातून पत्र आलं. अर्ज नामंजूर, सोबत चौकशी अहवालाची प्रत. माझा चष्मा दुकानात राहिला होता म्हणून रंजीतानेच मोठ्याने वाचलं.

"'अर्जदाराची गावात वागणूक चांगली असून त्यास शत्रू असल्याचे आढळून आले नाही. चौकशीदरम्यान अर्जदाराजवळ स्वतःचेच लाकडी पिस्तूल मिळून आले असता, अर्जदाराने ते पाहून स्वतःच दोन्ही हात वर केले. सबब परवान्याची शिफारस करता येत नाही.'"

मी सुटकेचा श्वास टाकला. काही झालं तरी अंकुशभाऊ सज्जन माणूस.

"गाऊनचं काही लिहिलं नाई ना त्यायनं?"

रंजीताने कागद उलटा केला.

"लिहिलं आहे ना," ती म्हणाली. "मागच्या बाजूचं मागच्या बाजूले लिहिलं आहे."