शशीताईंचं स्कॉटलंड

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत शशीताईंना कुणी "मुलगा इंग्लंडला ना?" असं विचारलं, की समजावं, याचं घरी दूध उतू जाणार. ताई त्याला जिन्यातच उभं करतात. "स्कॉटलंडला. इंग्लंड त्याच्या शेजारी आहे." मग तिथले राजे, लढाया, कुठल्या कुळाच्या चौकड्या कुठल्या रंगाच्या, सगळं. पुरुषांच्या किल्टला मी एकदाच घागरा म्हणालो. पंधरा दिवस चहा बंद!

पण खरा जीव भाषेवर. स्कॉट्स म्हणजे बिघडलेलं इंग्रजी नव्हे, हे त्यांनी इस्त्रीवाल्यालासुद्धा पटवलंय. कुंद हवेला त्या 'ड्रीख' म्हणतात, लेकराला 'बेर्न'. तळमजल्यावर इंग्रजीचा क्लास घेणारे सर म्हणाले, "अहो, ते गावठी इंग्रजीच." ताई शांतपणे म्हणाल्या, "आपल्या मराठीला कुणी गावठी संस्कृत म्हटलं तर चालेल आपल्याला?" सर हल्ली ताई दिसल्या, की चपलेचा पट्टा बांधायला वाकतात.

हे वेड लागलं विहिणीमुळे. जीनबाई लग्नाला पुण्यात आल्या, तेव्हा त्यांच्या बोलण्याबद्दल त्यांचीच लेक ओशाळून सगळ्यांची माफी मागत होती. "मला बघवेना हो," ताई सांगतात. त्याच आठवड्यात त्यांनी शब्दांची वही सुरू केली.

गेल्या वर्षीपासून जीनबाईंना विसरायला होतं. इंग्रजी गेलं, लहानपणची भाषा तेवढी उरली. वृद्धाश्रमातल्या मुलींना ती कळत नाही, लेकीला अर्धीमुर्धी. म्हणून ताई रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावतात.

परवा मी वाटी परत द्यायला गेलो. दार उघडंच होतं. ताई फोनपुढे बसून म्हणत होत्या, "काय करून राह्यली वं माय? जेवली का नाई?"

मी चाटच पडलो. अठरा वर्षांच्या शेजारात ताईंच्या तोंडून मी शुद्ध पुणेरीखेरीज अक्षर ऐकलं नव्हतं.

"अमरावतीची आहे मी," त्या मान न वळवता म्हणाल्या. "लग्न होऊन आले तेव्हा तोंड उघडलं, की सगळे हसायचे. सोडूनच दिलं. आता आई नाही, बहीण नाही. बोलू कुणाशी?"

"पण यांना वऱ्हाडी काय कळणार?"

"नाही कळत. पण हसत नाही ती."

फोनमधून जीनबाई काहीतरी पुटपुटल्या. ताईंनी पदराने डोळे टिपले आणि खुर्ची पुढे ओढली.

"का थांबलीस, विचारतेय," त्या म्हणाल्या. "या आता तुम्ही."