मानेचा साचा

गोविंदरावांनी सांगितलेला साचा मी मागवला नाही. मला जो बरा वाटला तो मागवला. ज्या माणसानं दिवाळीत साधा लवंगी फटाका लावायलाही कायम दुसऱ्याला पुढं केलं, त्यानं रायफलीच्या काडतुसांच्या बाबतीत स्वतःचं डोकं चालवलं, एवढं सांगितलं तरी पुरे. पण मग गोविंदराव राहून जातात.

घाटंजीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला गेलो, तेव्हा गोविंदराव जंगलखात्यातून पेन्शनीत निघून माझ्या शेजारी राहत होते. पहिल्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून शीळ ऐकू आली. एक लांब, एक आखूड. डोकावलो तर साठी उलटलेले एक गृहस्थ मागच्या ओट्यावर उभे राहून, उडालेल्या काडतुसाची पितळी पुंगळी ओठाला लावून नाल्याकडे तोंड करून फुंकत होते.

"चीर तपासून राह्यलो," ते मला म्हणाले. "पुंगळीले चीर गेली का सूर फाटते."

ते रोज तीच एक पुंगळी तपासतात आणि रोज नाल्याकडेच तोंड करतात, हे माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली.

त्यांची रायफल पावणेतीनशे बोअरची. एका साहेबानं विलायतेला जाताना विकलेली. तिची काडतुसं परदेशातून यायची, ती साठ सालच्या आसपास यायची थांबली. नागपूरच्या दुकानदारानं हात वर केले. गोविंदराव घाबरले नाहीत. त्यांनी कचेरीतून रीतसर परवानगी काढली, ती काचेत घालून देवांच्या फोटोंशेजारी टांगली आणि घरीच काडतुसं भरायला लागले. पुंगळी जुनीच; टोपी, दारू आणि गोळी नवी. पुंगळ्या चिंचेच्या पाण्यानं घासून त्यांच्या बायकोच्या, काकूंच्या, पापडांशेजारी उन्हात वाळत पडायच्या. एकदा मी जेवायला असताना पापडांबरोबर एक पुंगळीही ताटात आली. ती खायची असते की काय म्हणून मी काकूंकडे पाहिलं, तेव्हापासून काकू माझ्याशी जरा जास्तच मायेनं वागायच्या.

या उद्योगात सगळा खेळ साच्याचा. बार उडाला की पुंगळी फुगते, ती साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची. गोविंदरावांचा जुना साचा तडकला होता. कलकत्त्याच्या एका दुकानाचं पत्र आलं की या बोअरचे दोन साचे शिल्लक आहेत, एक मानेचा आणि एक अख्ख्या अंगाचा. दोहोंपैकी एकच देता येईल, कोणता ते कळवा.

मग सहा महिने गोविंदराव निवड करत होते. मानेचा साचा पुंगळीची फक्त मान आवळतो, बाकीचं अंग फुगलेलं तसंच ठेवतो. "घालून घालून चप्पल आपल्या पायाची होते का नाही? तशी पुंगळी आपल्या बंदुकीची होते. मंग नेम पाहा, असा बसते. पन दुसऱ्याच्या बंदुकीत ते जात नाही. अख्ख्या अंगाचा साचा म्हंजे मोचीकडची नवी चप्पल. कोनाच्याही पायात जाते, कोनालेच बरोबर होत नाही."

हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं की जगात माणसंही दोनच प्रकारची उरली. हेडमास्तर समोरून गेले की गोविंदराव पुटपुटायचे, "याची नुसती मान." तहसीलदारांना पाहून, "मान." माझ्याकडे बराच वेळ पाहून ते एकदा म्हणाले, "तुमाले अख्ख्या अंगाचा लागन, मास्तर."

आणि शेवटी एका रविवारी येऊन म्हणाले, "लिवा इंग्रजीत. अख्ख्या अंगाचा पाठवा."

मी चाट. सहा महिने गुण गायले मानेच्या साच्याचे, आणि मागवायचा दुसराच? म्हातारा बोलण्याच्या भरात चुकला, असं मी ठरवलं. अख्खं अंग दाबायला जोर लागतो म्हणून त्यांनी लोहाराकडून उसाच्या चरकाएवढं दाबयंत्र आधीच बनवून घेतलं होतं आणि त्यावर मी दोनदा सदरा टांगला होता, पण त्यावरूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मी झोकदार इंग्रजीत लिहिलं, कृपया मानेचा साचा पाठवावा. वर त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून गप्प बसलो.

पार्सल आलं. गोविंदरावांनी साचा उजेडात धरला, आत बोट फिरवलं.

"हा तं मानेचा आहे."

"तुम्हीच म्हणत होता ना, नेम असा बसतो," मी शाबासकीची वाट पाहत म्हणालो.

त्यांनी साचा पुन्हा पार्सलच्या कागदात गुंडाळला. त्या संध्याकाळी शीळही वाजली नाही. चहा घेऊन काकू कुंपणापाशी आल्या, तेव्हा मला सगळं कळलं. साहेबानं रायफली दोन विकल्या होत्या, एकाच कारखान्याच्या, जुळ्या. दुसरी नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर थावरा नाईकाकडं होती. दोघं वीस वर्षं जोडीनं शिकारीला जात. मग एका रानडुकरावर दोघांचे बार एकदम उडाले. भोक एकच, बोअर एकच. गोविंदराव साऱ्या तांड्यासमोर म्हणाले, "गोळी माहीच. थावराले मोतीबिंदू झाला, त्याले आता डुक्कर का आन् झुडूप का." तेव्हापासून तीन वर्षं बोलणं बंद. आता थावराजवळ एकही काडतूस नव्हतं आणि डुकरं त्याची ज्वारी झोपवत होती.

"तेच्यासाठी भरनार होते," काकू म्हणाल्या. "माफी मागता येत नाही ना यायले. काडतुसं देता येते."



तरीही गोविंदरावांनी त्याच साच्यानं वीस काडतुसं भरली. "जुळ्या बहिनी आहे त्या," ते स्वतःलाच सांगत होते. "एखाद्या वक्ती एकीचं पोलकं दुसरीले होते." चौथ्या दिवशी ते मला घेऊन तांड्यावर गेले.

थावरा नाईक दारात बाजेवर बसला होता. उंच, पांढऱ्या मिशा, पागोटं.

"या राऊंडसाहेब," तो जंगलखात्यातल्या जुन्या हुद्द्यानं हाक मारत म्हणाला. वीस वर्षं तो त्यांना गोविंदा म्हणायचा, हे मला वाटेतच कळलं होतं.

गोविंदरावांनी डबा बाजेवर ठेवला. थावरानं आतून रायफल आणली, काडतूस घातलं, बोल्ट पुढं सारला. काडतूस अर्ध्यावरच अडकलं. दुसरं घातलं. तेही तसंच. पाचवं काडतूस बाहेर आलं तेव्हा गोविंदरावांची मान खाली गेली होती आणि मी तांड्यातल्या कोंबड्या मोजत होतो.

"तुह्या बंदुकीत जाते का हे?" थावरानं विचारलं.

"जाते."

"मंग तूच ये ना बंदूक घेऊन. ज्वारी निघेपर्यंत माह्या वावरातल्या माळ्यावर बस. मले कायले देतं?"

"मले कोन बलावलं?"

"रोज शीळ तं तू वाजोतं. मले आयकू येते."

गोविंदरावांनी वर पाहिलं. "आयकू येते तं जवाब काहून नाही देल्ला?"

"कायच्यानं देऊ, भिया?" थावरा वैतागला. आपल्या बोलीत भावाला हाक मारायचा तो शब्द त्याच्या तोंडून सहजच निघाला. "माह्या साऱ्या पुंगळ्या बुढीनं भोकं पाडून बैलाच्या माळेत ओवल्या. फुकली तं नुसती फुसफुस होते."

त्यानं गोठ्याकडं हात केला. बैलाच्या गळ्यात पावणेतीनशे बोअरच्या दहा-बारा पुंगळ्या चमकत होत्या. गोविंदराव उठले, बैलापाशी जाऊन त्यांनी एक पुंगळी बोटात धरली. तिच्या भोकावरून अंगठा बराच वेळ फिरवत राहिले. मग खिशातली आपली पुंगळी काढून त्यांनी थावराच्या हातावर ठेवली.

"हे साजरी आहे," ते म्हणाले. "चीर नाही. रोज तपासतो."

थावरानं ती कानापाशी टिचकी मारून पाहिली आणि कमरेला खोचली. मग त्याची नजर माझ्याकडं वळली.

"हे कोन?"

"आमचे मास्तर. साच्याचं पत्र यायनंच लिवलं. म्या सांगतलं एक, यायनं मागोला दुसरा."

थावरानं मला पागोट्यापासून चपलेपर्यंत पाहून घेतलं. माझ्या डोक्यावर पागोटं नव्हतं, पण नजर तशीच होती.

"पोरायले शिकवाचं सोडा, मास्तर," तो म्हणाला. "आमच्या बैलापाशी शिका. सांगतलं तेवढंच करते."